निवांत बसावे कसे? (फक्त नवशिक्यांसाठी, यवतमाळ जिल्ह्यापुरते)

दिवाळीनंतर पुण्याहून आमचे साडूभाऊ आले. बॅग खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे शांत जागा कोणती?" मी म्हटलं, "हीच. बसा." ते हसले आणि मोबाइल काढून यादी करू लागले. त्यांच्याबरोबर चार दिवस हिंडल्यावर माझ्या लक्षात आलं, की या विषयाचं प्राथमिक शिक्षणच कुणाला मिळालेलं नाही. पोहायचे क्लास असतात, सायकल शिकवायला मागे धावणारा बाप असतो. निवांत बसायला मात्र कोणी शिकवत नाही. म्हणून ही पुस्तिका. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. नवशिक्याने सगळे करू नयेत, दमायला होतं.

पूर्वतयारी

साहित्य: डोक्याला बांधायला एक दुपट्टा, पाण्याची बाटली, पाव किलो फुटाणे. चटई आणू नये. चटई आणली की माणूस तिच्यावर डबे मांडतो, डबे मांडले की माणसं जमतात, आणि माणसं जमली की कुणाच्या तरी लग्नाचा विषय निघतो.

काळ: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. त्या दिवसांत दुपारी बारा ते चार सगळा जिल्हाच शांत असतो, पण त्यात आपलं कौशल्य काही नाही.

धडा पहिला: निळोणा

सुरुवात सोपी असावी. वाघाडी नदीवरचं निळोणा धरण यवतमाळ शहराला लागूनच आहे. संध्याकाळी पाळीवर बसावं, पाण्याकडे पाहावं, एवढाच धडा. साडूभाऊंनी पहिल्या दहा मिनिटांत सतरा फोटो काढले, एक व्हिडिओ कॉल केला आणि विचारलं, "आता?"

आता काही नाही. "आता?" हा प्रश्न ज्या दिवशी विचारावासा वाटणार नाही, त्या दिवशी हा धडा उत्तीर्ण झाला असं समजावं.

निळोण्याकडे पाहताना यवतमाळकराच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मात्र समाधान असेलच असं नाही. तो बहुधा पाणी मोजत असतो. निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर शहराची तहान भागायची, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्ही आटली तेव्हा अख्खं शहर रात्री-अपरात्री टँकरची वाट पाहत जागत होतं. त्यामुळे इथे भरलेलं धरण नुसतं पाहण्यातही एक व्यावहारिक सुख आहे. नवशिक्याला ते लगेच कळणार नाही. त्याने फुटाणे खावेत.

धडा दुसरा: कळंब

नागपूर रस्त्यावर कळंबचा चिंतामणी. इतर देवांना भेटायला पायऱ्या चढाव्या लागतात, इथे उतराव्या लागतात. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे आणि आत कुंड आहे. काही वर्षांनी कुंडाचं पाणी आपोआप वाढून देवाच्या पायांना लागतं, असं इथले लोक सांगतात. तो काळ बहुतेक जण बारा वर्षांचा धरतात. खाली उतरलं की वरची हवा, हॉर्न, नारळवाल्याची हाक हे सगळं एकेका पायरीला कमी होत जातं. चतुर्थी टाळावी. त्या दिवशी सगळा जिल्हा त्याच पायऱ्यांवर असतो. २०२४ पासून वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वेही आली आहे, तेव्हा आता मोठ्या गाडीने येऊन मोठी गर्दी करता येते.

धडा तिसरा आणि चौथा

उन्हामुळे रद्द.

धडा पाचवा: टिपेश्वर

पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य, १४८ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. सागाचं जंगल. सुन्ना गेटमधून पहाटे जिप्सी सुटतात. इथे येणाऱ्या नवशिक्याची मूलभूत चूक अशी, की तो शांततेसाठी येतो आणि वाघ दिसला नाही म्हणून भांडतो. जिप्सीत सगळे चिडीचूप बसलेले असतात हे खरं, पण ती परीक्षेच्या हॉलमधली चूप असते.

शिवाय वाघाला स्वतःलाही इथे निवांत वाटतंच असं नाही. इथल्याच एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जून महिन्यात त्याने टिपेश्वर सोडलं आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणात डोकावून, शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन तो बसला. सगळं मिळून सुमारे तीन हजार किलोमीटर. त्याचं नावच 'वॉकर' पडलं. ज्ञानगंगेत दुसरा एकही वाघ नव्हता. लगेच वनखात्यात चर्चा सुरू झाली, की हा एकटा आहे, याच्यासाठी वाघीण आणावी का. शांत जागा सापडलेल्या प्रत्येक अविवाहित माणसाचं पुढे काय होतं, हे साडूभाऊंना वेगळं सांगावं लागलं नाही.

धडा सहावा: सहस्रकुंड (तोंडी)

हा पावसाळ्याचा धडा, म्हणून घरबसल्या शिकवला. उमरखेडच्या टोकाला पैनगंगा काळ्या खडकावरून खाली कोसळते. अलीकडचा काठ आपला, पलीकडचा नांदेडचा. पूर्वी याच नदीच्या एका बाजूला वऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला निजामाचं राज्य होतं. कोणत्या काठावरून धबधबा चांगला दिसतो यावर दोन्हीकडची माणसं अजून राज्यकारभार चालवल्यासारखी वाद घालतात. पुरात तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. नवशिक्याने याची नोंद करावी: आवाज कमी असणं आणि बडबड बंद होणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

धडा सातवा: शकुंतला

या धड्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण गाडीही तशीच होती.

यवतमाळ ते मूर्तिजापूर, सुमारे ११३ किलोमीटर, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. कापूस वाहून न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली लाइन, किलिक निक्सन या कंपनीच्या हाताखालची. स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारजमा झाली. ही लाइन मात्र कंपनीच्याच नावावर राहिली, आणि आपल्याच देशात आपली गाडी चालवायला आपण बाहेरच्याला पैसे मोजत राहिलो. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं होतं. १९९४ पर्यंत ते चाललं, मग डिझेल आलं. लाडखेड, लासिना, दारव्हा मोतीबाग... या गाडीतून प्रवास केलेल्या माणसाला वेळेचा हिशेब कधी विचारू नये. चालत्या गाडीतून उतरून, शेतातली बोरं तोडून, पुन्हा तीच गाडी पकडल्याची गोष्ट इथल्या प्रत्येक घरात एक तरी काका सांगतो. त्यातले निम्मे खोटं बोलत असतील. निम्मे तरी खरं बोलतात, एवढी ती सावकाश होती.

आता कित्येक वर्षं गाडी बंद आहे. रुळांत गवत, गवतात शेळ्या. तिथे जाऊन रुळावर बसावं. कुठे पोचायचं नाही, कुणी येणार नाही, उशीर झाला असं कुणी म्हणणार नाही. साडूभाऊ इथे पहिल्यांदा पंचवीस मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "इथे कॅफे छान चालेल." मी गुण कापले.

धडा आठवा: रावेरी

राळेगाव तालुक्यातलं रावेरी. इथे सीतेचं देऊळ आहे. शेजारी राम नाही, लक्ष्मण नाही, एकटी सीता. गाव सांगतं ते असं: रामाने टाकल्यावर ती इथे राहिली, लव-कुश इथेच वाढले. पोरांसाठी तिने गावात मूठभर गहू मागितले, कुणी दिले नाहीत. तेव्हा ती म्हणाली, तुमच्या शिवारात गहू पिकणार नाही. आणि संकरित बियाणं येईपर्यंत तो पिकलाच नाही, असं म्हातारे सांगतात. लव-कुशांनी बांधून घातलेला मारुतीही गावात आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. ज्यांनी बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं, त्यांना हे देऊळ का जवळचं वाटलं असेल, ते इथे दोन मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

देवळात खूप बरं वाटतं. पण माझ्या मनात तिथे एक खोडसाळ विचार आला. जिल्ह्यातल्या माझ्या दोन लाडक्या शांत जागा, एकीचं नाव शकुंतला आणि दुसरी सीतेची. दोघीही नवऱ्याने टाकलेल्या. पाहुण्याला जी जागा निवांत वाटते, ती तिथे राहणाऱ्याला तशी वाटतच असेल का?

शब्दार्थ

म्हणून इथे शब्दार्थ देणं भाग आहे. *निवांत* म्हणजे काम आहे, माणसं आहेत, आणि तरी घाई नाही. *सामसूम* म्हणजे काम नाही, किंवा करण्यात अर्थ उरलेला नाही. दुपारी चार वाजता एखाद्या गावात पारावर कुणी नसतं, दुकानाचं फळकूट अर्धं लावलेलं असतं, कापूस घरात भरून भाव चढायची वाट पाहत लोक आत बसलेले असतात. ती सामसूम. या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात बहुतेक वेळा ज्या बातमीत येतं, तीही याच सामसुमीत घडते. बाहेरून येणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात आणि तो म्हणतो, "किती पीसफुल आहे!" असं म्हणणाऱ्याला या पुस्तिकेत थेट नापास करण्यात येतं. फेरपरीक्षा नाही.

प्रात्यक्षिक: जागल

शेवटच्या रात्री साडूभाऊंना घाटंजीकडे काकाजींच्या शेतात नेलं. पऱ्हाटी उभी, मधे तुरीच्या ओळी, आणि कोपऱ्यात चार बल्ल्यांवर बांधलेला माळा. रानडुकरं आणि रोही पीक खातात, म्हणून रात्रभर जागलीला बसावं लागतं. झटका मशीन आहे, पण तिची बॅटरी नेमकी त्याच रात्री उतरते.

साडूभाऊ माळ्यावर चढले. थंडी, चांदण्या, लांब कुठे तरी कोल्हा. ते एकदम भारावून म्हणाले, "काकाजी, काय शांतता आहे हो इथे!"

काकाजींनी बिडी विझवली. "कायची शांतता, जवाईबापू? डोया लागला का डुक्कर आत."

आणि त्यांनी तेलाचा रिकामा डबा उचलून काठीने बडवायला सुरुवात केली. दर पंधरा-वीस मिनिटांनी डबा. मधेच एक लांबलचक हाळी, त्याला पलीकडच्या शेतातून दुसरी हाळी, मग तिसऱ्या शेतातून कुणाचा तरी रेडिओ. मला वाटलं, पाहुणे तासाभरात गाडीत जाऊन बसतील. वाकून पाहिलं तर साडूभाऊ दुपट्टा तोंडावर घेऊन गाढ झोपलेले. डबा वाजला की जरा हलायचे आणि पुन्हा घोरायचे. पुण्यात हा माणूस गोळी घेऊनही तीन तासांच्या वर झोपत नाही, असं माझी मेहुणी सांगते. सकाळी आठला काकाजींनी हलवून उठवलं. "उठा जवाईबापू, डुक्कर गेलं अन् रातही गेली."

गुण किती द्यावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अभ्यासक्रमात हा धडा नव्हताच.

फेब्रुवारीत मी काकाजींकडे बसलो असताना साडूभाऊंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर जरा घुटमळत म्हणाले, "काकाजी आहेत का? त्यांना म्हणावं, जरा डबा वाजवतील का?"

मी फोन स्पीकरवर टाकला. काकाजी म्हणाले, "आता कायले वाजवू? पऱ्हाटी उपटली, शेत मोकयं झालं."

"तरी पण."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, सपरीतून डबा आणला, अंगणात बसून काठीने वाजवायला लागले. भर दुपार. शेजारची कुत्री भुंकली. काकू कणकेच्या हातानेच बाहेर आल्या, "काहून, घरात घुसलं का डुक्कर?"

बराच वेळ झाल्यावर मी फोन कानाला लावला. "ऐकू येतं का?" पलीकडून काही उत्तर नाही. फोन चालूच होता.

काकाजींनी काठी हवेत धरली. "वाजवू का राहू देऊ?"