‘फोर-के डिजिटल ॲन्टेना’ विकणाऱ्या शेठजींना खुले पत्र

शेठजी,

आपला ॲन्टेना मोताळ्याला सुखरूप पोचला. मामांनी तो आधी खिडकीला चिकटवला, मग बांबूला बांधून पत्र्यावर चढवला आणि टीव्हीला चॅनल शोधायला लावले. टीव्हीनं इमानदारीनं उत्तर दिलं: शून्य.

खोक्यावर छापलंय, रेंज 300 किलोमीटर, भाडं नाही, रिचार्ज नाही. भाडं नाही हे खरंच, घेणार कशाचं? दूरदर्शननं 2022 पर्यंत मोजकी केंद्रं सोडून देशभरातलं ॲनालॉग प्रक्षेपण गुंडाळलं. डिजिटल प्रक्षेपण 2016 मध्ये 16 शहरांत आलं. त्यातलं मोताळ्याला जवळचं म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद. सरळ रेषेतही शंभरावर किलोमीटर, मध्ये अजिंठ्याचे डोंगर. या लहरी नजरेच्या रेषेत धावतात शेठजी, एसटीसारख्या घाट चढून येत नाहीत.

वायर हातभर, अडाप्टर तापतो, माहितीपत्रक चिनीत. ते जाऊ द्या.

जुना ॲन्टेना निदान काही पकडायचा. यागी आणि उदा या जपान्यांनी 1926 मध्ये मांडलेली ती रचना: मागं परावर्तक, मध्ये लहरीच्या निम्म्या लांबीचा डायपोल, पुढं दिशा देणाऱ्या काड्या. 1987 मध्ये ‘रामायण’ लागलं की मामा पत्र्यावर पाइप फिरवायचे आणि खालून मामी ओरडायची, “मुंग्या आल्या, मांगं घ्या थोडं!” तुमच्या ॲन्टेनात मुंग्यासुद्धा येत नाहीत.

पिनकोड टाकला की माल कोणत्या तारखेला पोचेल ते सांगता. त्या पिनकोडवर पकडायला काही आहे का, हे सांगायला काय धाड भरते? माहीत असून विकता. सत्तरी गाठलेल्या माणसाला पत्र्यावर चढवता!

तुमच्या हेल्पलाइनवरच्या पोराला मात्र काही म्हणणार नाही. “सर, खिडकी बदलून बघा” म्हणताना त्याचा आवाजच पडला होता. दिवसभर गावोगावच्या मामांच्या शिव्या तोच खात असणार. त्याचा पगार तरी वेळेवर द्या.

फुकटच दाखवायचं होतं तर फ्री डिशची छत्री विकायची होती. 2004 पासून चालू आहे, महिन्याचं भाडं नाही. इथून आग्नेयेला तोंड करून कोन जमवला की जीसॅट-15 सापडतो. पण तिच्यावर ‘फोर-के’ छापता येत नाही ना!

असो. ॲन्टेना परत घेणार नसाल तर त्याच्या जोडीचा मनोरा पाठवून द्या. राजूर घाटाच्या माथ्यावर जागा बघून ठेवतो. कॅश ऑन डिलिव्हरी.

आपला,
मामांचा भाचा