मंगळवार विका

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, हे पालुपद आता पुरे झालं. १४५७ साली, दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात, स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं या खेळावर बंदी घातली. कारण माणसं तिरंदाजीचा सराव सोडून चेंडू मारत हिंडत होती. राजाला लढाईसाठी तिरंदाज हवे होते आणि ते सामान्य घरांतूनच येत. एडिनबरोतल्या ब्रंट्सफील्ड लिंक्सवर आजही छोट्या होलचं गोल्फ फुकट खेळता येतं. सेंट अँड्र्यूजचा जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे. तिथले बरेच टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळा, सोडतीनं वाटले जातात आणि एरवी रविवारी खेळ बंद ठेवून ती हिरवळ फिरायला येणाऱ्यांसाठी मोकळी सोडतात.

आपल्याकडे मात्र हा खेळ आला तो कुंपणाआड. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत विलिंग्डन आहे, चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी आहे. साहेब गेले, कुंपण राहिलं. आत पाऊल टाकायचं तर सभासद व्हा, नाहीतर सभासदाचं बोट धरा. माणसं गोल्फच्या खर्चाला घाबरतात म्हणतात ते अर्धंच खरं. त्याआधी ती फाटकाला घाबरतात. फोन कुणाला करायचा, कपडे कसले घालायचे, हँडिकॅप, म्हणजे खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, नसेल तर हाकलून देतील का, हे सांगायला कुणी नसतं.

म्हणून परवडणाऱ्या गोल्फ सहली आखून देण्याचा छोटा ऑनलाइन धंदा जी मुलंमुली काढू पाहताहेत, त्यांच्या बाजूनं मी उभा आहे. पुण्या-नाशकात ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन बादलीभर बॉल मारणारे आयटीतले तरुण आहेत. बँकेतून निवृत्त होऊन साठीत खेळ शिकलेले काका आहेत, आणि काकूही आहेत. त्यांना कुंपणापलीकडे नेणारा माणूस हवा आहे. काम चांगलं आहे. पण ते चुकीच्या टोकानं धरलं जातंय, म्हणून हे लिहितोय.

चूक ही की सगळे हॉटेल विकायला बसतात. पाचतारांकित खोली, स्विमिंग पूल, पूलकाठचा फोटो आणि खाली बारीक अक्षरात ‘गोल्फसह’. हॉटेलचा दर तुमच्यापेक्षा मोठ्या कंपन्यांना कायम स्वस्त मिळणार. त्या लढाईत उतरूच नका. तुमच्याकडे विकण्यासारखी वस्तू एकच आहे, ती म्हणजे मंगळवार.

गोल्फ कोर्स चालतो कसा ते बघा. साधारण आठ-दहा मिनिटांच्या अंतरानं एकेक गट पहिल्या टीवरून सुटतो. गटात जास्तीत जास्त चार जण. शनिवार-रविवारी सकाळी सभासदांचीच रांग असते. सोमवारी देखभालीसाठी अनेक कोर्स बंद. मंगळवार ते गुरुवार मात्र गवत तेवढंच कापावं लागतं, पाणी तेवढंच द्यावं लागतं, माळ्यांचा पगार तेवढाच होतो आणि टी टाइम ओसाड जातात. गेलेला टी टाइम परत विकता येत नाही. बारा माणसं घेऊन, लागोपाठचे तीन टी टाइम मागत, बुधवारी सकाळी येतो असं सांगणाऱ्याशी कोर्सचा मॅनेजर दराबद्दल बोलायला बसतो. रविवारी तोच मॅनेजर फोनही उचलणार नाही. परवडणारी सहल इथं जन्माला येते. निवृत्त माणसाला बुधवार चालतो आणि तरुणाला एक रजा टाकावी लागते. हे त्यांना सरळ सांगा. ‘रजा टाका, तेवढे पैसे वाचतील’ हे वाक्य पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असू द्या.

आणि कोर्स निवडताना ज्यांचं फाटक सर्वांना उघडं आहे तेच निवडा. ते आहेत, आणि चांगले आहेत. सिडकोचा खारघर व्हॅली कोर्स आहे, डोंगराच्या कुशीत. दिल्लीत लाडो सरायला दिल्ली विकास प्राधिकरणाचा कुतुब गोल्फ कोर्स आहे, देशातला पहिला सार्वजनिक कोर्स म्हणून ओळखला जाणारा. शिमल्याजवळ नालदेहऱ्याला देवदारांमधून वाट काढणारा कोर्स आहे. ती जागा लॉर्ड कर्झनला इतकी आवडली की मुलीच्या नावातही त्यानं ती घातली. शेजारीच हिमाचलच्या पर्यटन महामंडळाचं हॉटेल आहे. श्रीनगरचा रॉयल स्प्रिंग्ज रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर या नामांकित आरेखकानं आखलेला, २००१ मध्ये खुला झालेला. गुलमर्गचा कोर्स सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे चेंडू घरच्यापेक्षा लांब जातो आणि हौशी खेळाडूला त्या एका फटक्याचा आनंद वर्षभर पुरतो. शिवाय न खेळणाऱ्या नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी तिथं गोंडोला आहे, श्रीनगरला निशात आणि शालिमार आहे. जोडीतलं एकच माणूस खेळतं, असं पुष्कळदा असतं. दुसऱ्याला क्लबहाऊसच्या खुर्चीत पाच तास बसवून ठेवणारी सहल मी सहल मानत नाही.

लष्कराच्या कोर्सवर ओळखीच्या कर्नलसाहेबांच्या भरवशावर गिऱ्हाइकं नेऊ नका. सभासद मित्राचे पाहुणे म्हणून पैसे घेऊन माणसं आत सोडू नका. हा उपकाराचा गैरवापर आहे, आणि ज्या दिवशी फाटकावर कुणी अडवेल त्या दिवशी तुमच्या गिऱ्हाइकाची मान खाली जाईल.

आता बिलाकडे या. या धंद्यात माझा खरा राग बिलावर आहे.

जाहिरातीत एक आकडा असतो. कोर्सवर पोचल्यावर कळतं की त्यात कॅडी धरलेला नाही. भाड्याचं किट वेगळं. बग्गी वेगळी. विमानात किटचं जादा वजन लागलं ते तर कुणी बोललंच नव्हतं. भरलेल्या गोल्फ बॅगचं वजन सहज १२ ते १५ किलो भरतं आणि देशातल्या बहुतेक स्वस्त विमान तिकिटांवर सामानाची मुभाच १५ किलोची. म्हणजे किट नेलं की कपडे जादा वजनात. हे ज्याला माहीत आहे आणि जो सांगत नाही, तो फसवतो. मी यासाठी सौम्य शब्द शोधणार नाही.

उपाय साधा आहे. नियमानं बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. हौशी माणसाचं काम सात-आठांत भागतं. अर्धं किट न्यायला सांगा, नाहीतर कोर्सवरचं किट आधीच राखून ठेवा आणि त्याचं भाडं किमतीत धरा. नोंदणीच्या अर्जात विचारा: डावखुरे आहात का? भाड्याचं डावखुरं किट ऐनवेळी मिळेल या आशेवर माणसाला हजार-दीड हजार किलोमीटर नेऊ नका. ग्रीन फी, कॅडी, किट, बग्गी, नाश्ता, विमानतळावरून येणंजाणं, सगळं मिळून एक रक्कम लिहा. ती शेजारच्या जाहिरातीपेक्षा मोठी दिसेल. दिसू द्या. पहिल्या वर्षी त्यामुळे काही गिऱ्हाइकं जातील, आणि जी राहतील ती मित्रांना घेऊन परत येतील.

कॅडीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. सहल स्वस्त करायची म्हटली की पहिली कात्री त्याच्यावर चालते. चौघांत एकच कॅडी घ्या, टिप ऐच्छिक ठेवा, दर पाडून मागा. हे करू नका. कॅडी चार-पाच तास उन्हात बॅग खांद्यावर घेऊन चालतो, झाडीत गेलेला चेंडू शोधतो, ग्रीनचा उतार सांगतो. नवख्या माणसाला कोर्सवर लाज वाटू न देणारा तोच असतो. दिल्लीचा अली शेर कॅडी होता. १९९१ मध्ये त्यानं इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्त्यात मैदान राखायचे. त्यांच्या मुलानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं तीच स्पर्धा घेतली. भारतीय गोल्फ या माणसांच्या पाठीवर उभा आहे. त्यांच्या मजुरीतून काढलेली सवलत मला नको, आणि तुमच्या गिऱ्हाइकालाही नको असेल, त्याला विचारून तर बघा. कॅडीची रक्कम किमतीत धरा, पानावर वेगळी छापा आणि फेरी संपली की त्याच्या हातात पडेल हे स्वतः बघा.

आता कागद. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइटांना एक रुपया देऊ नका. जीएसटीचं गणित मात्र पहिल्या दिवशीच मांडा, कारण इथं नवखे बुडतात. सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची. पूर्ण पॅकेज स्वतःच्या नावानं विकलं तर उलाढाल तुमच्या नफ्यावर मोजत नाहीत, पॅकेजच्या पूर्ण किमतीवर मोजतात. समजा, बारा जणांची सहल, माणशी ४५,००० रुपये. एका सहलीचे झाले ५,४०,०००. अशा चार सहली म्हणजे २१,६०,०००. मर्यादा ओलांडली. आणि आठ टक्के सुटले असं धरलं तर तुमच्या हातात वर्षाचे १,७२,८०० रुपये. म्हणजे महिन्याला पंधरा हजारसुद्धा नाहीत. एवढ्या उत्पन्नावर नोकरी सोडू नका. नोकरी सांभाळून दोन वर्षं करा. नोकरी सोडून ‘पॅशन’च्या मागे धावा, असं स्टेजवरून ओरडणारे वक्ते तुमच्या घराचा हप्ता भरायला येणार नाहीत.

परदेशाचा मोह होईल. थायलंडला तर आपली माणसं झुंडीनं खेळायला जातात. पण परदेशी पॅकेज विकलं की गिऱ्हाइकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा कर, गोळा करून सरकारात भरायची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. १ ऑक्टोबर २०२० पासून हा नियम आहे. त्यात परकीय चलन, व्हिसा, विमा. देशात पाय रोवा, मग बघा.

गिऱ्हाइकाचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. पुढच्या सहलीच्या पैशानं मागच्या सहलीचं हॉटेल भागवायची सवय लागली की धंदा आतून पोखरलाच. याचं भान काश्मीरनं दिलं आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाला. आपल्या महाराष्ट्राची सहा माणसं त्यात गेली. त्यानंतर काश्मीरची बुकिंग धडाधड रद्द झाली आणि ती रद्द करणाऱ्या एकाही माणसाला दोष देता येणार नाही. ज्यांच्याकडे पैसे शिल्लक होते ते परत देऊ शकले. ज्यांनी ते फिरवले होते त्यांचे फोन लागेनात. तेव्हा रद्द करण्याच्या अटी मराठीत लिहा, एका पानात मावतील अशा. कोर्स बंद झाला तर किती मिळणार, हल्ला-पूर-बर्फ आलं तर किती, गिऱ्हाइकानं स्वतः रद्द केलं तर किती. आणि एकाच जागेवर सगळा धंदा टांगू नका.

एक गोष्ट पर्यटन खात्यांनाही ऐकवायची आहे. गोल्फ पर्यटन वाढवायचं म्हटलं की यांना नवा कोर्स सुचतो, आणि नवा कोर्स म्हणजे कुणाची तरी शेती. तेरेखोलला गोल्फ रिसॉर्टसाठी जमीन जाऊ नये म्हणून तिथल्या कुळांनी किती काळ झगडा दिला ते गोव्यानं पाहिलंय. आधी आहेत ते कोर्स मंगळवारी भरून दाखवा. खारघरसारख्या कोर्सवर आठवड्याच्या मधल्या सकाळी छोट्या आयोजकांसाठी ठरलेल्या दरात राखून ठेवा आणि ते दर जाहीर करा. यासाठी एक गुंठाही जमीन लागत नाही.

तर सुरुवात खारघरपासून करा. आठ जण, दोन टी टाइम, एक मिनीबस, पुण्याहून पहाटे निघून संध्याकाळी परत. त्याआधी तो कोर्स स्वतः पायी चाला, कॅडीमास्टरशी बोला, किटं हातात घेऊन बघा, स्वच्छतागृह कुठल्या होलजवळ आहे ते लिहून घ्या. साठीतल्या काकू फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतील.