एमआरपी नसलेला नळ

पाण्याची बाटली ही या देशातली सगळ्यात कायदेशीर वस्तू असावी. तिच्यावर नाव, मिलिलिटर, किंमत, तारीख, कारखान्याचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावाच लागतो. २०११च्या वजनमापाच्या नियमांनी तसं बजावलंय. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या नळाला यातलं एकही बंधन नाही. किती येणार, कधी येणार, कोणत्या रंगाचं येणार, सगळा गुप्त कारभार. पैठणला नाथसागर १९७६ पासून पन्नासेक किलोमीटरवर पसरलेला आहे, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो आणि त्यांना अंघोळीला अर्धी बादली देतो.

ज्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी सिडको-हडकोत कुणी मरत नाही आणि कुणाचं लग्न निघत नाही. आधीचं गढूळ सोडून द्यायचं, मग हौद, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी, मग ड्रम, मग घागरी, आणि नळ जायच्या बेतात असला की कुकर, पातेली, पोरांच्या शाळेच्या बाटल्या. पुढचे सात-आठ दिवस यावर राज्य चालवायचं.

शेजारी खंडपीठात वकिली करणारा एक तरुण राहतो. त्याला म्हटलं, "बाबा, वर्षाची पाणीपट्टी भरायची आणि पाणी आठवड्यातून एकदा. ग्राहक आयोगात जाऊ का?"

"काका, तुम्ही ग्राहक आहात हे आधी सिद्ध करावं लागेल."

"पावती आहे ना!"

"पावती पट्टीची आहे. पट्टी म्हणजे कर. कर म्हणजे मोबदला नव्हे. मोबदला नाही तर सेवा नाही, सेवा नाही तर ग्राहक नाही. पालिकांचे वकील देशभर हेच म्हणत आलेत, आणि ते बऱ्याचदा मान्यही झालंय."

म्हणजे २०१९चा नवा ग्राहक कायदा माझ्या दारापर्यंत येतो, पण नळापाशी चपला काढून उभा राहतो. टँकर मागवला की मात्र मी ताबडतोब ग्राहक. थोडक्यात, या शहरात हक्क हवे असतील तर पाणी विकत घ्यावं. तेही घरी घ्यावं, कारण हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय; तिथे गिऱ्हाईक बाटलीबरोबर वातावरणाचाही उपभोग घेतं. आमच्या नळाला हाच न्याय लावला तर हिशोब चोख बसतो. आम्ही पैसे वातावरणाचेच भरतो.

पट्टीचंही ऐका. अर्धा इंची नळाला वर्षाला ४०५० रुपये होते, ते २०२२ मध्ये निम्म्यावर आणून २०२५ केले. आमच्या गल्लीतल्या एका भोळ्या गृहस्थांना वाटलं, पाणी यायचं साल जाहीर केलंय.

"मग संविधान?" मी विचारलं. वकील खुलला. संविधानात आम्ही श्रीमंत आहोत. एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाणी येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटलंय. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांची यादी आहे आणि पाणीपुरवठा तिथे पाचव्या क्रमांकावर आहे. फक्त ही कामं राज्य सरकार पालिकांना देऊ 'शकेल', असा तिथला सूर आहे. तेव्हा पाणी पाचव्या दिवशी आलं तर ते घटनेला धरूनच आलं म्हणायचं. आठव्या दिवशी आलं तर जनहित याचिका. तीही झाली. शहराला पाणी आणायच्या समांतर जलवाहिनीचा करार २०१६ मध्ये मोडला, मग नवी योजना १६८० कोटींची आली आणि वाढत वाढत २७४० कोटींवर गेली. खंडपीठाने तिच्यावर देखरेख ठेवली, समिती नेमली. शहरात पाण्यापेक्षा सुनावणीच्या तारखा नियमित येऊ लागल्या.

हे सगळं आम्हाला कळतं ते वर्तमानपत्रातून. एका पानावर जलवाहिनी फुटल्याची बातमी आणि समोरच्या पानावर, पानभर, '२४ तास मुबलक पाणी' असणाऱ्या गृहप्रकल्पाची जाहिरात. बातमीखाली बातमीदाराचं नाव असतं. जाहिरातीखाली बारीक अक्षरांत 'चित्र केवळ कल्पनेसाठी'. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला नव्या कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड ठेवलाय, पण त्यासाठी आधी कुणीतरी दिशा घेऊन घर शोधायला निघालेलं असावं लागतं. इथे माणसं टँकर शोधत असतात.

माझी एक नम्र सूचना आहे. पतंजलीने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल एप्रिल २०२४ मध्ये ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली, तेव्हा न्यायालयाने विचारलं होतं, माफी जाहिरातींएवढीच मोठी आहे ना? हेच माप पाण्याच्या आश्वासनांना लावावं. भूमिपूजनांच्या पानभर जाहिराती, नारळ, कुदळ, हसरे फोटो, निवडणुकीतले 'रोज पाणी'चे फलक, हे सगळं मोजून त्याच आकाराचा माफीनामा. पानं कमी पडतील ही भीती नको. अमुक पैशांत अमुकच पानं, असा हुकूम सरकारने १९६० मध्ये काढला होता. पुण्याचा 'सकाळ' न्यायालयात गेला आणि पुढच्याच वर्षी तो हुकूम रद्द झाला. तेव्हापासून वर्तमानपत्राला हवी तेवढी पानं वाढवायची घटनादत्त मुभा आहे. जाहिरात विभागाला विचारलंय. माफीनाम्याला सवलतीचा दर नाही, पण वर्षभराचं कंत्राट केलं तर बघू म्हणाले.