गॅलरीतला सुतार

खाडीपलीकडच्या या शहराची आखणी ज्यांनी केली त्यांची बुद्धी मोठी उदार होती, हे कोणाही निःपक्षपाती माणसास मान्य करावे लागेल. १९६५च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या त्रयीने मुंबईसमोरच्या भूमीवर नवे नगर वसविण्याची कल्पना मांडली, मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि जेथे खाजणे, मिठागरे व भातखाचरे होती तेथे सेक्टरांमागून सेक्टर उभे राहिले. रस्त्यांना रुंदी लाभली, झाडांना जागा लाभली, रेल्वेस्थानकांच्या तर डोक्यावर कचेऱ्या बसल्या. परंतु या सर्व वैभवात जुन्या वाड्यातील कोनाडा आणि फडताळ ही दोन मात्र नकाशातून गळाली. आणि ही उणीव भरून काढण्याचे कार्य नियतीने ज्या पुरुषावर सोपविले, तो गॅलरीतला सुतार होय.

हा सुतार जन्माने सुतार नसतो, पेशानेही नसतो. ऐरोलीपासून खारघरपर्यंत कोणत्याही सोसायटीत तो आढळतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात देखरेख करण्यात, बँकेच्या खतावण्या तपासण्यात, अथवा मंत्रालयात इतरांनी लिहिलेल्या टिपणांवर 'सादर' असा शेरा मारण्यात त्याची हयात गेलेली असते. आणि निवृत्तीची शाल व श्रीफळ घेऊन घरी परतल्यावर, आपल्या हातांनी उभी केलेली अशी एकही वस्तू या जगात नाही, असा दाहक साक्षात्कार त्यास होतो. मग गॅलरीवर अंमल बसविण्यास प्रारंभ होतो. प्रथम कुंड्यांची हकालपट्टी, नंतर कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्यांची जप्ती. "अहो, कपडे कुठे वाळत घालू?" या गृहिणीच्या रास्त फिर्यादीवर "त्यासाठीच तर एक स्टँड करतोय!" असा निकाल मिळतो, निकालावर तारीख मात्र नसते.

कोणतेही राज्य शस्त्रागारावाचून टिकत नाही. करवत, रंधा, पटाशा, गिरमिट, गुण्या, पाणसळ, शिकंजे आणि पाठोपाठ विजेचे ड्रिल, अशी भरती होता होता हत्यारे इतकी साचतात की ती ठेवावयास जागा उरत नाही. म्हणून या कारखान्यातून बाहेर पडणारे पहिले कपाट नेहमी हत्यारांचे असते आणि दुसरे, "उपयोगी पडतील" म्हणून जपलेल्या लाकडी तुकड्यांचे. डबे, गोधड्या आणि नातवंडांची खेळणी, ज्यांच्या नावाने हा सारा खटाटोप मंजूर करून घेतलेला असतो, ती तिसऱ्या कपाटाच्या प्रतीक्षेत पलंगाखाली मुक्काम करून राहतात. दुपारी दोन ते चार ठोकाठोकी करू नये, अशी नोटीस यथावकाश सोसायटीच्या फलकावर लागते. तीत नाव कोणाचेही नसते, विंग तेवढी असते.

लाकडाच्या बाबतीत त्याची मते कर्मठ असतात. प्लायवूडचा आठ बाय चारचा तक्ता दुकानातून सरळ विकत आणणे हा त्याच्या लेखी अधर्म होय. न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या यंत्रांबरोबर परदेशातून आलेली पाइनची खोकी आणि पॅलेटे एमआयडीसीतील भंगारवाल्यांकडे मोडीत निघतात. ती तो पारखून आणतो, त्यांचे खिळे उपटून सरळ करतो, आणि घरी आलेल्या पाहुण्यास चहा मिळण्यापूर्वी फळीवरील शिक्क्यापुढे उभा करतो. शिक्क्यात गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि शेजारी 'एचटी' ही अक्षरे असतात. "लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटे! कीड राहीलच कशी? 'एमबी' लिहिलेले असेल तर मात्र विषारी धुरी दिलेली, ते घरात आणायचे नाही." ही माहिती सर्वस्वी खरी असते, आणि म्हणूनच तीमधून पाहुण्याची सुटका नसते. कपाट पूर्ण झाल्यावरही तो शिक्का रंध्याखाली जात नाही. सनदेप्रमाणे तो दर्शनी भागीच राखला जातो.

लाकूडबाजार फूट, इंच आणि सूत यांत बोलतो. आठ सुतांचा एक इंच. टेपेवर मिलिमीटरही असतात. आणि दोन्ही राजवटींशी इमान राखण्याच्या भरात हा लांबी एका पद्धतीत आणि रुंदी दुसरीत टिपून ठेवतो. कपाट भिंतीला टेकले की वरच्या अंगास करंगळी जाईल एवढी फट उघडी पडते. तेव्हा तो गुण्या लावून कपाटाचे चारही कोन काटकोन असल्याचे सर्वांसमक्ष दाखवितो, ओळंबा सोडून भिंतीचा रीतसर पंचनामा करतो, आणि दोष भिंतीचा आहे असे सप्रमाण सिद्ध करतो. दुर्दैव असे की त्याचे म्हणणे बहुधा बरोबर असते. आणि इतकी वर्षे जी भिंत कोणास खुपली नव्हती, ती त्या दिवसापासून घरातील प्रत्येकास वाकडी दिसू लागते.

त्याचा खरा पराभव पावसाळ्यात होतो. १९५९ साली फेविकॉल आल्यापासून सरस शिजविण्याच्या यातनेतून सुतार मुक्त झाला आहे, तेव्हा सांधा निखळण्याचे भय नसते. भय असते ते लाकडाच्या स्वभावाचे. लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, पण खाडीवरची दमट हवा पिऊन रुंदीत मात्र फुगते, आणि जानेवारीत लोण्यातून सुरी जावी तसा सरकणारा खण जुलैत असा रुततो की वीजबिले, पासबुके आणि माळ्याची किल्ली नवरात्रापर्यंत आतच नजरकैदेत राहतात. "अहो, खण उघडत नाही." "ऑक्टोबरात उघडेल." दारांचीही हीच कथा.

तरीही त्याची थट्टा बेताने करावी. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधील घरे कोरियांनी साधी आखली, ती अशासाठी की स्थानिक गवंड्या-सुतारांना ती बांधता यावीत आणि राहणाऱ्यास आपल्या गरजेप्रमाणे त्यांत भर घालता यावी. पुढे शहर उंच इमारतींचे झाले आणि घर म्हणजे किल्लीसकट मिळणारी तयार वस्तू ठरली. अशा घरातही आपल्या हातची एक फळी असावी, हा गॅलरीतल्या सुताराचा हट्ट त्या मूळ हेतूशी पूर्णपणे सुसंगत आहे. शिवाय त्याची मांडणी, म्हणजे उभ्याआडव्या फळ्यांचा उघडा सांगाडा, खरोखरच भक्कम असते. घात होतो तो खण आणि दार यांच्या मोहाने. तेव्हा आपल्या मजल्यावरचे असे एखादे काका टेप घेऊन आपल्या स्वयंपाकघरात शिरले तर त्यांना अडवू नका. चहा द्या, लोंबीच्या शिक्क्याची हकिकत पुन्हा एकदा ऐकून घ्या आणि मांडणी अवश्य करवून घ्या. दार मात्र लावू देऊ नका.