बारा जानेवारीचे जागरूक शेजारी

सिंदखेडराजाच्या जुन्या वस्तीत इतिहास दारातच उभा आहे: लखुजीराजे जाधवांचा राजवाडा, रंगमहाल, पुतळाबारव. अशा गावात गल्लीगल्लीतली मंडळे उत्साही असणार, यात नवल नाही. नवल आहे ते त्यांच्या पंचांगाचे. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती आली की अभिमान उसळतो, कमानी चढतात आणि १५९८ साली जन्मलेल्या माऊलीपेक्षा कार्यकारिणीचे फोटो ठळक दिसतात. १३ तारखेला कमानी उतरतात, त्यांच्याबरोबर अभिमानही. २०२४ मध्ये लखुजीराजांच्या समाधीजवळ पुरातत्त्व विभागाला शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती सापडली. कुदळ मंडपाच्या खांबासाठी नव्हे, जतनासाठी चालली की काय हाती लागते, ते दिसले.

यावर पदाधिकारी म्हणतील, संरक्षित वास्तूला हात लावायची परवानगी आम्हाला कुठे? मुद्दा खरा आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य, तर पुढचे २०० मीटर नियंत्रित. पण त्याच कायद्यात १६ जून १९९२ पूर्वीच्या घराच्या दुरुस्तीसाठी अर्जाची सोय आहे. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना तो अर्ज भरून देणे मंडळाला जमण्यासारखे आहे. फक्त त्यात फोटो छापता येत नाही. बारवेभोवतीचा कचरा उचलायला तर कोणताच कायदा आडवा येत नाही. उत्सव जरूर करा. मात्र वर्गणीचा दहावा हिस्सा वर्षभराच्या निगराणीला ठेवा आणि जमाखर्च चौकात लावा. फलक आयताच तयार आहे.