चाळिशीतले विद्यार्थी

बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे, याचं बेलापूरकरांना कधीच नवल वाटत नाही. त्यामुळे ‘लंडनला शिकतो’ म्हणणारा चाळिशीतला माणूस लंडनपासून तासभर लांब खोली घेऊन राहतो, हेही गावाला चटकन पटतं. गावात तो ‘सर’ असतो; तिकडे विशीतली पोरं त्याला नावाने हाक मारतात.

वहिनी आणि मुलं मात्र गावातच, प्रवरेकाठी. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने संशोधन सोडून इतर एमए-एमएस्सीवाल्यांना कुटुंब सोबत नेण्याची मुभा काढून घेतली. घरी पाण्याचा तांब्याही आयता हातात घेणारे सर आता आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत लोकांच्या बशा विसळतात. ऑस्ट्रेलिया आणखी चोख. शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याच्या व्हिसाला जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठी ३५ वर्षांची अट लागली. प्रवेश मात्र पन्नाशीतही मिळतो. शिकायला वय नसतं, कारण फी भरायला वय नसतं.

तेव्हा सरांनो, विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक नंतर चाळा. आधी व्हिसाचे नियम वाचा.