घरचं मोडीत, दारचं बोलीत

जरा हळू बोला. भिंतींना कान असतात हे जुनं झालं, हल्ली नवी मुंबईतल्या भिंतींना तलवारी असतात. परवा सीवूड्सला एका घरी हळदीकुंकवाला गेले, तर टीव्हीच्या डोक्यावर दोन तलवारी, मध्ये गेंड्याच्या कातड्याची म्हणे ढाल, आणि कोपऱ्यात छत्र्यांच्या स्टँडमध्ये दांडपट्टा. टीव्हीवर सासू-सुनेची मालिका चालू. प्रसंगाला साजेशी शस्त्रं आहेत हो, असं कौतुक मी केलं, तर यजमान गंभीर झाले. "काकू, त्यातली एक तलवार पेशवाईतली आहे. लिलावात घेतली." स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "आणि पैसे माझ्या एफडीचे!"

कालपरवापर्यंत ही माणसं कशी सभ्य होती. विमानतळ येणार म्हणून पनवेलकडे प्लॉट बघायची. आता प्लॉट सुटला आणि लॉटचं वेड लागलं. दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणजे तिकडे लंडनमध्ये सकाळचा हातोडा पडायच्या वेळेला, बेलापूरच्या ऑफिसांत कोण कोण फोन टेबलाखाली धरून बसतं, याची यादी माझ्याकडे आहे. देणार नाही. एका साहेबांनी म्हणे मीटिंगमध्ये चुकून बोली वाढवली, आणि समोरच्या कंत्राटदाराला वाटलं, टेंडरचाच आकडा बोलताहेत.

बरं, हौस असावी, पण गाव कोणतं? पुण्यासाताऱ्याचं समजू शकते, तिथे माळा झाडला तरी एखादी सनद खाली पडते. आपल्या सिडकोचाच जन्म १९७० चा. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे वस्तूला पुरातन म्हणवून घ्यायला किमान शंभर वर्षं भरावी लागतात. म्हणजे आपल्या वाशीतल्या गळक्या स्लॅबलाही वारसा व्हायला २०७० उलटेपर्यंत दम काढावा लागणार. नेरूळच्या वंडर्स पार्कात जगातली सात आश्चर्यं आहेत, पण तीही महापालिकेने बांधलेली. खरोखरचं जुनं म्हणजे बेलापूरचा किल्ला. सिद्दींनी बांधला, पोर्तुगीजांकडे गेला, चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांनी घेतला. किल्ले गावठाणच्या सिग्नलला लाल दिवा लागला की हेच संग्राहक त्या बुरुजाकडे पाठ करून मोबाइलवर विलायतेतली तलवार बघत बसतात.

यात सरकारनेही तेल ओतलं, हे सांगायलाच हवं. २८ एप्रिल २०२५ ला बातमी आली, की नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनला सदबीजच्या लिलावात निघतेय, आणि लिलाव दुसऱ्याच दिवशी. एरवी आपलं सरकार दुसऱ्या दिवशी फाइलीला नुसता नंबर देतं. इथे चोवीस तासांत मध्यस्थ गाठला, बोली लावली आणि तलवार घेतली! अंदाज सहा-आठ हजार पौंडांचा होता, गेली ३८,१०० ला. वाहतूक, विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये सांस्कृतिक कार्यमंत्री स्वतः जाऊन ती ताब्यात घेऊन आले आणि १८ तारखेला ती मुंबईत उतरली. त्या संध्याकाळपासून आमच्या सोसायटीत एकेक जण 'आमचंही मूळ आडनाव भोसलेच' म्हणू लागलाय. त्यातले एक तर कारवारचे आहेत.

त्या तलवारीची आणखी एक गंमत आहे, ती मात्र कानात सांगण्यासारखी. पातं चक्क युरोपातलं. सरळ, एकधारी, तिकडच्या कारागिराचं नाव कोरलेलं. मूठ इथली, सोन्याची कोफ्तगिरी केलेली आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सेनासाहेबसुभा रघूजींचं नाव. अशा पात्याच्या तलवारीला फिरंग म्हणायचे. म्हणजे अठराव्या शतकातही आमचे सरदार इम्पोर्टेड मालाचे शौकीन होते! नुसतं आपल्याच पोरांना का बोल लावायचा?

आणि नागपूरच्या घराण्याला लिलावाचं दुखणं जुनंच. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक गेले, डलहौसीने राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातला ऐवज विक्रीला काढला. जडजवाहीर कलकत्त्याला गेलं, हत्ती-घोडे मातीमोल भावात गेले. राण्यांनी आकांत केला, पण कंपनीच्या हातोड्यापुढे काय चालणार? आता तोच हातोडा आपण कौतुकाने ऐकतो, आणि वर त्याला कमिशन देतो. हो, हे वहिनींना कुणी सांगितलंच नव्हतं. बोली जिंकली की आकडा तिथेच थांबत नाही, त्यावर लिलावघराचा प्रीमियम चढतो. विलायतेत तो पाव हिश्श्याच्या आसपास जातो. मग जहाज, विमा, कस्टम. एफडी मोडली ती काय उगाच?

तिकडे एवढे भाव का, हेही यजमानांनी समजावलं. शंभर वर्षांवरची वस्तू भारतातून बाहेर नेता येत नाही, केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था तेवढी नेऊ शकते. म्हणजे इथल्या वस्तूला गिऱ्हाईक इथलंच. लंडनच्या बाजारात मात्र सगळं जग उभं. त्यामुळे टिपूच्या शयनगृहातली तलवार २०२३ च्या मे महिन्यात बॉनहॅम्सने १ कोटी ४० लाख पौंडांना विकली. "बघा, ही इन्व्हेस्टमेंट आहे," इति यजमान. मी म्हटलं, मल्ल्यांना विचारा. त्यांनी २००३ मध्ये टिपूचीच एक तलवार घेतली होती. ती घराला लाभत नव्हती म्हणून २०१६ मध्येच देऊन टाकली, असं २०१८ मध्ये लंडनच्या कोर्टात समोर आलं. कोणाला दिली? ते काही कळलं नाही. मधल्या काळात, २००९ मध्ये, याच गृहस्थांनी गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ आणि ताटवाटी न्यूयॉर्कला १८ लाख डॉलरना घेतली होती. दारूच्या कारखानदाराने! असो, आपल्याला काय करायचंय.

विक्रोळीकरांचं मात्र नाव घ्यावं. पिप्रहवाच्या स्तूपातली बुद्धाच्या अस्थींबरोबरची रत्नं सदबीज २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला विकायला बसलं होतं. भारत सरकारने नोटीस धाडली, लिलाव थांबला, आणि खाडीपलीकडच्या गोदरेजांनी ती विकत घेऊन जुलैअखेर देशात आणवली.

वाघनखांची चर्चा तर संपता संपत नाही. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली. बोलीवर म्हणजे उसनी, विकत नव्हे. ही महाराजांचीच का, याची खात्री देता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं. पण माझं म्हणणं वेगळंच. त्यांच्या डबीवरच्या जुन्या इंग्रजी मजकुरात अफजलखानाला मोगलांचा सरदार केलंय! आदिलशाही, मोगलाई एकच? चौथीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर बाईंनी कान उपटला असता. आणि असल्या चिठ्ठीवर लाखोंच्या बोली लागतात. वस्तू राहते बाजूला, विकली जाते ती तिच्यासोबतची गोष्ट. ज्याची गोष्ट लांब त्याचा भाव चढा.

म्हणून त्या पेशवाईतल्या तलवारीकडे मी नीट पाहिलं. पात्यावरचे गंजाचे खड्डे टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे सारखे. अडीचशे वर्षांचा गंज असा शिस्तीत बसत नसतो, ॲसिड बसतं. हात पडून मुठीवरचं काम झिजायला हवं, तर तिथेच ते सगळ्यात चकचकीत. मूठ पात्याला जुन्या काळी लाखेने, राळेने बसवायचे. इथे फटीतून डोकावत होता पिवळट एपॉक्सी. आणि परजेच्या आतल्या बाजूला वेल्डिंगचा टिपका, हरभऱ्याएवढा. मी काही बोलले नाही. हळदीकुंकू होतं.

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर असा माल कितीतरी. 'लंडन १९१५' कोरलेल्या पितळी दुर्बिणी, ज्यांचा लंडनशी संबंध त्या अक्षरांपुरता. ग्रामोफोन, ज्याचा कर्णा एकीकडचा आणि पेटी दुसरीकडची. ईस्ट इंडिया कंपनीची राम-दरबाराची नाणी, वर साल १६१६! कंपनीने तसलं नाणं कधी पाडलंच नाही. त्यातलंच एक तांदूळ ओढून घेतं म्हणून कोट्यवधींना विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्यात, तरी आमच्या इथले एक निवृत्त अभियंते, होय, अभियंते, अजून मूठभर तांदूळ घेऊन बसतात. ट्रॅक्टरवाली पाचची नोट लाखाला जाते, या अफवेवर तर रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये खुलासा काढावा लागला. बँकेचं नाव सांगून जुन्या नोटांवर कमिशन मागणाऱ्यांना भुलू नका, म्हणून.

पण खरी लाज पुढेच आहे. मागच्या महिन्यात याच यजमानांनी कॅटलॉग दाखवला. त्यात तांब्याचा बंब! नळीला तोटी, खाली राखेची जाळी, एक पाय किंचित वाकडा. वहिनी बघतच राहिल्या. "असाच सासूबाईंचा होता. वाशीला फ्लॅट घेतला तेव्हा गिझर आला आणि तुम्ही तो मोडीत घातलात. किलोच्या भावाने!" पितळी डबे भांडीवालीला देऊन प्लास्टिकच्या बादल्या आल्या, पैठणीचे काठ बोहारणीने नेले, पानाचा डबा भंगारात गेला. आता त्याच वस्तू आधार किंमत लावून परत येताहेत, आणि आपण हात वर करून बसलोय. दिनकर केळकरांना हे आधीच उमगलं होतं. पुण्यात चष्म्याचं दुकान, 'अज्ञातवासी' नावाने कविता, आणि आयुष्यभर गोळा काय केलं तर अडकित्ते, दिवे, फण्या, स्वयंपाकघरातली हत्यारं. वीस हजारांच्या घरात वस्तू. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय काढलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारला देऊन टाकलं. तिथे जाऊन अडकित्ते बघा एकदा, तलवारी विसराल.

तलवारींवरून आठवलं. वाढदिवसाचा केक तलवारीने कापला आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल, अशी बातमी आपल्याकडे आठवड्याआड असते. तेव्हा यजमान हो, नातवाच्या वाढदिवसाला ती भिंतीवरच राहू द्या. नकली असली तरी धार खरी आहे.

आणि हे सगळं परवडलं म्हणायची पाळी आता ए विंगने आणली आहे. तिथल्या काकांनी तोफ घेतली. बिडाची, लाकडी गाड्यावरची, कोणत्या गडाची ते त्यांनाही अजून ठरवता आलेलं नाही. लिफ्टमध्ये मावली नाही म्हणून पोडियमवर उभी आहे, तोंड बी विंगकडे. बी विंगने लेखी हरकत घेतली. रविवारी सर्वसाधारण सभा झाली, सचिवांनी पार्किंगचे चार्जेस लावायचा ठराव मांडला, आणि तासभर वाद कशावर झाला असेल? काका म्हणतात, तोफेला दोनच चाकं आहेत, मी स्कूटरचेच पैसे भरणार.